गावाच्या घरामागेही सरकारने हमीदार म्हणून उभं राहावं: गडचिरोलीच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मुख्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गडचिरोलीचं पालकमंत्रिपद आपण स्वतःकडे ठेवलंत, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहितो आहे. मी धानोरा तालुक्यातला सेवानिवृत्त शिक्षक. गावातले लोक घरकुलाचे, बँकेचे कागद माझ्याकडे वाचून घ्यायला आणतात. नोकरीत असताना मला पगारपत्रकावर घरासाठी कर्ज मिळालं होतं. माझ्या शेजारच्या बाईंनी बचत गटाचा एकही हप्ता कधी चुकवलेला नाही, तरी त्यांना घरासाठी कर्ज मिळालं नाही. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, ‘तारण काय देणार?’ अर्ज तिथेच थांबला.

धानोरा ही नगरपंचायत आहे. तिच्या हद्दीत राहणारं कुटुंब प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये बसतं. पक्कं घर नसेल आणि वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत असेल, तर २५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जातल्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये. शिवाय शहरातल्या अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जासाठी केंद्राचा पतहमी निधी आहे. कर्ज बुडालं तर बँकेच्या नुकसानीतला मोठा वाटा तो उचलतो. हद्द ओलांडून शेजारच्या मेंढा-लेखा गावाच्या वाटेला लागलं की यातलं काहीच लागू होत नाही. तेच जंगल, तोच बाजार, पण शहरी योजनेत अपात्र.

गावासाठी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणचं घरकुल आहे, आणि त्याबद्दल लोक कृतज्ञ आहेत. पण आमच्यासारख्या दुर्गम भागासाठी केंद्राच्या योजनेतल्या अनुदानाचा आकडा २०१६ पासून १ लाख ३० हजारांवरच आहे. राज्याने अलीकडे त्यात आपली भर घातली, तरी सिमेंट, लोखंड आणि वाहतूक यांची बेरीज केली की भिंती उभ्या राहतात आणि स्लॅबला पैसे उरत नाहीत. लाभार्थ्याला ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून द्यावं, असं याच योजनेत लिहिलेलं आहे. घरकुलात न बसणाऱ्यांसाठी केंद्राने जानेवारी २०१७ मध्ये २ लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही मंजूर केली होती. पण कर्जच मंजूर होत नसेल तर व्याजाची सवलत कुणाला द्यायची?

अडतं ते कागदावर. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा म्हणून बँक तो धरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला जंगलजमिनीचा पट्टा वारसाकडे जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला महसूल संहितेचं कलम ३६-अ आहे, ते ती जमीन बिगर-आदिवासीकडे सहज जाऊ देत नाही. ही बंधनं सैल करा, असं मी मुळीच म्हणत नाही. ती सैल झाली तर घर बांधायच्या आधी जमीन जाईल. पण जमिनीचं रक्षण करणारा कायदाच कर्जाच्या आड येत असेल, तर मधली फट सरकारनेच बुजवायला हवी. गावठाणातल्या घरांची मोजणी करून मालकीची सनद देणाऱ्या स्वामित्व योजनेने काहींचं काम होईल. आमच्याकडे वस्ती टोल्याटोल्यांत विखुरलेली आहे आणि कितीतरी घरं गावठाणाबाहेर आहेत. त्यांचं काय?

आणि हे लोक कर्ज फेडणारे आहेत, साहेब. महिला बचत गटांना २० लाखांपर्यंत विनातारण कर्ज द्यावं, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. गटात बसलेली बाई बँकेला विश्वासू वाटते. तीच एकटी घरासाठी गेली की तिच्याकडे गहाण ठेवायला काही नाही म्हणून परत पाठवली जाते. तिची परतफेडीची नोंद बँकेच्याच वहीत आहे, ती कुणी उघडून बघत नाही.

उत्पन्नाचंही तसंच. मार्च-एप्रिलला मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीनंतर धान, असा आमच्याकडे पैसा येतो. पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, तो लागू असलेल्या गावांतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, मजुरी आणि बोनसचा हिशेब ठेवतात. मेंढा-लेख्याने २०११ मध्ये आपल्या हक्काच्या जंगलातला बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. इतका व्यवहार लिहून ठेवलेला असताना बँकेच्या अर्जात उत्पन्नासाठी पगारपत्रक किंवा आयकर विवरणपत्रच मागतात. हप्ता दरमहा भरायचा, तोही पावसाळ्यात हातात काही नसताना. पीककर्जाची फेड हंगामावर ठरते. घराच्या कर्जालाही तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

माझी मागणी अशी. ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला आणि वनहक्क पट्टाधारकाला ३ लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी राज्य सरकारने पतहमी द्यावी. पात्रता गहाणावर न ठरवता बचत गटातली परतफेड आणि ग्रामसभेचा उत्पन्नाचा दाखला यांवर ठरवावी. हप्ते वर्षातून दोनदा, तेंदूनंतर आणि धानानंतर घ्यावेत. सगळ्या राज्यासाठी लगेच शक्य नसेल तर गडचिरोलीपासून सुरुवात करा. राज्यस्तरीय बँकर्स समितीपुढे आपण हा विषय मांडलात तर बँकांना तो टाळता येणार नाही. नियम ठरवताना धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या ग्रामसभांना आणि बचत गटांच्या बायांना बैठकीला बोलवा. कागदपत्रं घेऊन यायची त्यांची तयारी आहे.

आपला नम्र,
धानोरा तालुक्यातील एक सेवानिवृत्त शिक्षक