नीना वाडिया म्हणजे फक्त 'कतरिनाची आई' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी पडद्यावर नाव काढलेल्या भारतीय कलाकारांवर आपण पानभर मजकूर दिलात. हॉलिवूडची मंडळी आली, ओटीटीवरची आली, सगळ्यांची छायाचित्रे आली. नीना वाडिया यांच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली, 'नमस्ते लंडन'मध्ये कतरिना कैफच्या आईची भूमिका केलेल्या अभिनेत्री, एवढीच. ओळ खोटी नाही. 2007 च्या त्या चित्रपटात ऋषी कपूर यांच्या बायकोचे काम त्यांनीच केले होते. पण त्याच वर्षीच्या जुलैत त्या बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स' मालिकेत झैनब मसूद म्हणून दाखल झाल्या आणि फेब्रुवारी 2013 पर्यंत ब्रिटनच्या घराघरांत दिसत राहिल्या. या साडेपाच वर्षांचा आपल्या लेखात उल्लेखही नाही. हे मनाला लागले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. जरा लांबेल, पण कृपया छापावे.

नीनाबाईंचा जन्म 1968 चा, मुंबईतल्या पारशी घरातला. लहानपणीच हे कुटुंब हाँगकाँगला गेले आणि तिथून पुढे त्या नाटकासाठी इंग्लंडात आल्या. म्हणजे वयाची विशी पुरती उलटण्याच्या सुमारास दोनदा घर बदलले, दोनदा नव्या माणसांत मिसळावे लागले. त्यांचे नाव झाले ते 'गुडनेस ग्रेशस मी'मुळे. हा विनोदी कार्यक्रम आधी 1996 पासून रेडिओवर होता, मग 1998 ते 2001 बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर. सोबत संजीव भास्कर, मीरा स्याल आणि कुलविंदर घीर. त्यातली नीनाबाईंची एक आई मला अजून डोळ्यांसमोर दिसते. हॉटेलात काहीही मागवायचे म्हटले की ही आडवी यायची: एवढे पैसे कशाला घालवायचे, हे तर मी घरी फुकटात करीन, फक्त एक लहानसे वांगे हवे! आपल्यापैकी कोणाच्या घरात अशी आई, मावशी किंवा सासू नाही? भास्कर आणि स्याल दोघेही इंग्लंडातच जन्मलेले. नीनाबाई बाहेरून आलेल्या. माझ्या मते त्या आईच्या आवाजातली चिकाटी आणि हिशेबीपणा इतका अस्सल वाटायचा, त्याचे एक कारण हेही असावे.

विनोदी नटी असा शिक्का एकदा बसला की तो सहजी पुसला जात नाही. 'ईस्टएंडर्स'ने तो पुसला.

आपल्या वाचकांसाठी थोडे सांगते. ही मालिका 19 फेब्रुवारी 1985 ला सुरू झाली आणि आजही चालू आहे. पूर्व लंडनमधला वॉलफर्ड नावाचा काल्पनिक भाग आणि तिथला अल्बर्ट स्क्वेअर हा चौक. चित्रण होते ते मात्र लंडनच्या बाहेर, एल्सट्रीला, बांधलेल्या सेटवर. 1986 च्या नाताळच्या दिवशीचा भाग 3 कोटींहून अधिक लोकांनी पाहिला होता, असे बीबीसीचा आकडा सांगतो. ही मालिका किती खोलवर गेलेली आहे, ते यावरून कळावे. नीनाबाईंच्या काळात आठवड्याला चार भाग असत, प्रत्येकी अर्ध्या तासाचे. आपल्याकडे गोरेगावला नाहीतर घोडबंदर रोडला जे चालते त्यापेक्षा हे प्रमाण कमी वाटेल, पण कामाची जात तीच. भागांची बँक तयार ठेवायची, आजचा प्रवेश आणि तीन आठवड्यांनंतरचा प्रवेश एकाच दिवशी उरकायचा, आणि रडण्याच्या आधीचे हसणे रडून झाल्यावर चित्रित करायचे. चित्रपटातल्या नटाला भूमिकेचा शेवट आधीच ठाऊक असतो. मालिकेतल्या नटाला पुढच्या वर्षी आपले पात्र काय करणार, हेसुद्धा सांगता येत नाही. तरी त्याला आज असे वागावे लागते की उद्याचे वागणे खोटे पडू नये.

झैनब आली तीच मुळी कडक तोंडाची, आपल्या इभ्रतीला जपणारी पाकिस्तानी मुसलमान बाई म्हणून. नवरा मसूद पोस्टमन, ही पोस्टाच्या खिडकीमागे. सुरुवातीला नवरा-बायकोची जुगलबंदीच अधिक होती आणि ती लोकांना इतकी आवडली की 2009 च्या ब्रिटिश सोप (म्हणजे मालिकांच्या) पुरस्कारांत नीनाबाईंना विनोदी अभिनयाचा पुरस्कार मिळाला, शिवाय मसूदचे काम करणाऱ्या नितीन गणात्रा यांच्यासह सर्वोत्तम जोडीचा. गणात्रा यांचा जन्म केनियातला, घर गुजराती. म्हणजे मुंबईची पारशी मुलगी आणि केनियातून आलेला गुजराती मुलगा मिळून ब्रिटनमधले एक पाकिस्तानी कुटुंब उभे करत होते आणि लोक त्यावर विश्वास ठेवत होते.

मग थोरल्या मुलाचे, सय्यदचे प्रकरण आले. झैनब ज्याच्याबरोबर जेवणाच्या ऑर्डरींचा व्यवसाय करत होती, त्या ख्रिश्चन नावाच्या तरुणावरच सय्यदचे प्रेम जडले होते. मुलाचे लग्न थाटात लावायचे ठरलेले, आणि आईला हे कळते. झैनबने तेव्हा जे केले ते सांगायलाही सोपे नाही. तिने मुलाला गप्प बसवले, लग्न पुढे रेटले, पुढे त्याला घरातून तोडले, आणि बऱ्याच काळाने पुन्हा जवळ घेतले. 2012 मध्ये सय्यद आणि ख्रिश्चन एकत्र झाले तोवर ही बाई पुष्कळ बदलली होती, पण तो बदल एका भाषणात झाला नाही. आठवड्यामागून आठवडे, कधी दोन पावले पुढे तर कधी चार मागे, असा तो चालला होता. हे फक्त मालिकाच दाखवू शकते. दोन तासांच्या चित्रपटात आईला शेवटच्या दहा मिनिटांत माफ करावे लागते.

त्या काळात आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहत होतो. मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते. सकाळी भाज्या सोलताना आदल्या रात्रीच्या भागाची उजळणी व्हायची. माझ्या शेजारी उभी राहणारी एक वयस्क इंग्रज बाई एरवी हवापाण्यापलीकडे काही बोलत नसे. सय्यदचे प्रकरण घरात कळले त्या आठवड्यात तिने सुरी खाली ठेवली, एप्रनला हात पुसले आणि मला विचारले, "झैनब त्याला परत घेईल ना?" जसे काही मला झैनबच्या घरातले आतले ठाऊक होते. मग तिने सांगितले की तिच्या भावानेही आपल्या मुलाला असेच तोडले होते आणि तो मुलगा आता कुठे असतो हे कोणालाच माहीत नाही. मी तिच्याबरोबर तिथे बराच काळ काम करत होते, पण तिच्या घरातले हे मला पहिल्यांदाच कळत होते. 2005 च्या जुलैतले लंडनचे बॉम्बस्फोट लोक तेव्हा विसरले नव्हते. वर्तमानपत्रांत मुसलमानांविषयी जे येई ते मी रोज वाचत होते आणि तीही वाचत असणारच. पण झैनबविषयी ती बोलत होती ती एका आईविषयी बोलावे तशी. हे काम नीना वाडियांनी केले. माझ्या लेखी ते लहान नाही.

पुढे झैनबचा पहिला नवरा युसूफ परत आला आणि मारहाण, धाक, एकटे पाडणे हे सगळे पडद्यावर आले. ते भाग मला सलग बघवत नसत. बोलण्यात कोणालाही न हरणारी ही बाई त्या प्रवेशांत वाक्य अर्ध्यावर सोडून देऊ लागली. दार वाजले की आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मगच उघडायला उठायची. एरवी विनोदासाठी वापरलेले टायमिंग त्यांनी भीतीसाठी वापरले. अभिनय शिकणाऱ्या मुलामुलींनी हे जरूर पाहावे.

आता थोडे मागचेही सांगायला हवे, कारण नीनाबाईंना ही जागा आयती मिळाली नाही. ब्रिटिश मालिकांत आशियाई माणूस बहुधा दुकानाच्या काउंटरमागूनच आत आला. 'ईस्टएंडर्स'च्या पहिल्याच वर्षी सईद आणि नईमा जेफरी हे किराणा दुकानवाले जोडपे होते. 1960 पासून चालू असलेल्या 'कॉरोनेशन स्ट्रीट'मध्ये 1999 साली आपले सईद जाफरी आले, तेही रवी देसाई म्हणून, कोपऱ्यावरचे दुकान चालवायला. झैनबही काउंटरमागेच. याला ठरीव साचा म्हणणारे आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते. पण 1972 मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकलून दिलेली कुटुंबे ब्रिटनला आली तेव्हा त्यांतल्या कित्येकांनी अशाच दुकानांवर मुले वाढवली, हेही विसरता येत नाही. झैनबच्या धाकट्या मुलाचे, तमवरचे काम करणारा हिमेश पटेल हा खरोखरच पेपरविक्रेत्याचा मुलगा. मालिकेत काम लागल्यावरही तो सकाळी गावात पेपर टाकत असे. पुढे 2019 मध्ये तो 'यस्टरडे' या चित्रपटाचा नायक झाला, आणि आपल्या लेखात त्याचे छायाचित्र आहे. तो घडला तो झैनबच्या घरात.

मसूद घराण्याच्या आधी, 2003 मध्ये, या मालिकेत फेरेरा नावाचे भारतीय कुटुंब आणले होते. आडनाव ऐकताच आपल्याला गोव्याचे ख्रिस्ती घर आठवेल, पण मुलांची नावे काही हिंदू वळणाची, काही मुसलमानी. ब्रिटनमधल्या आशियाई प्रेक्षकांनी यावर कडक टीका केली आणि ते योग्यच होते. लिहिणाऱ्यांनी कोणाला तरी विचारायचे होते. त्या कुटुंबाचा बाप होता दलिप ताहिल, आपल्या 'बाजीगर'मधला मदन चोप्रा. त्याआधी ते लंडनच्या रंगभूमीवर 'बॉम्बे ड्रीम्स'मध्ये होते. मालिकेत काम सुरू झाले आणि कामाच्या परवान्याचा प्रश्न उभा राहिला. त्यांना मध्येच बाहेर पडावे लागले आणि घरातला कर्ता पुरुष पडद्याआडच नाहीसा झाला. एवढा अनुभवी नट, पण कागद नीट नसले की अभिनय कामाला येत नाही. परदेशात काम करणाऱ्या कलाकाराच्या आयुष्यातली ही बाजू आपल्या लेखात कुठेच नाही. पुरस्कार दिसतात, परवाने दिसत नाहीत.

नीनाबाईंनी 2013 मध्ये मालिका सोडल्यावरही काम थांबवले नाही. 'स्टिल ओपन ऑल अवर्स' या विनोदी मालिकेत त्या मिसेस हुसेन होत्या. 2021 मध्ये मनोरंजन क्षेत्रातल्या आणि धर्मादाय कामाबद्दल त्यांना ओबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला. त्याच वर्षी 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग' या दूरचित्रवाणीवरच्या नृत्यस्पर्धेत त्या नाचल्या आणि सर्वांत आधी बाहेर पडल्या, त्याचे मला फार वाईट वाटले. किताबाची बातमी आपल्याकडे फारशी कुठे पाहिल्याचे आठवत नाही. मुंबईत जन्मलेल्या मुलीला हॉलिवूडमध्ये दोन मिनिटांची भूमिका मिळाली असती तर पहिल्या पानावर चौकट आली असती.

मालिकेत काम करणाऱ्यांकडे आपणही असेच बघतो, म्हणून हा राग आहे. नाटकाला मान, चित्रपटाला पैसा, आणि मालिकेतल्या नटाला "सध्या काय, मालिकाच का?" असा प्रश्न. कोल्हापूर, सातारा, नागपूर सोडून मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि रोज बारा-बारा तास सेटवर असणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनाही हेच ऐकावे लागते.

तेव्हा माझी विनंती अशी. या विषयावर पुरवणीत स्वतंत्र लेख द्यावा आणि त्यात नीना वाडियांची मुलाखत असावी. पारशी घरातल्या बाईने पाकिस्तानी आईचे उच्चार कसे बसवले, युसूफच्या प्रवेशांनंतर घरी गेल्यावर ती बाई डोक्यातून कशी काढली, हाँगकाँगहून आल्यावर लंडनमध्ये पहिले काम कसे मिळवले, हे त्यांना विचारावे. दलिप ताहिल यांना तर इथेच गाठता येईल. परवान्याची हकीकत त्यांच्याच तोंडून यावी. आणि ऑनलाइन आवृत्तीत तो मूळ लेख अजून आहे. त्यात नीनाबाईंच्या नावापुढे 'ईस्टएंडर्स, झैनब मसूद, 2007 ते 2013' एवढी भर आजच घालता येईल, ती घालावी.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)