अक्रोड पुरे, कान तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी 21 सप्टेंबरला अल्झायमर दिन आला की तुमच्या पेपरात लेख येतो, शब्दकोडी सोडवा, अक्रोड खा. कोडं मी रोज सोडवते, तुमचंच, आणि ते सुटतंही. पण परवा गॅससमोर उभी राहिले आणि शिट्ट्या किती झाल्या ते सोडाच, कुकरमध्ये डाळ लावलीय की बटाटे तेच आठवेना, वाफ जाईपर्यंत तशीच बसून राहिले.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, 31 वर्षं. ट्रंक कॉलच्या जमान्यात निम्म्या गावाचे नंबर तोंडपाठ, दवाखाना, लाकडाची वखार, कोण दुपारी घरी सापडतं आणि कोण दुकानात, सगळं. आता सुनेचा नवीन नंबर डोक्यात बसत नाही म्हटलं की घरात सगळे हसतात, "आई, आम्हाला तरी कुठे पाठ असतात". खरंय, पण माझं डोकं आधी कसं चालायचं ते मलाच माहिती ना!

पहिल्या डॉक्टरांनी "वय झालं आजी, चालायचंच" म्हणून टॉनिक लिहून दिलं. सहा महिन्यांनी दुसऱ्यांकडे गेले तर त्यांनी आधी गोळ्यांची पिशवी ओतायला लावली. शुगरसाठी 12 वर्षं मेटफॉर्मिन चालू आणि आम्ही शुद्ध शाकाहारी, दोन्हींनी बी ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी होतं म्हणे, तपासलं तर खूपच कमी निघालं. थायरॉईड ठीक होतं. मग कागदावर घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं, ते जमलं. डॉक्टर म्हणाले, टेस्टमध्ये सगळं बरोबर येतं तरी माणसाला स्वतःला आतून फरक जाणवतो असा एक टप्पा असतो, तो उडवून लावायचा नाही आणि घाबरायचंही नाही. अशी तक्रार असणाऱ्या शंभरात वर्षाला साधारण दोघांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो, तक्रार नसणाऱ्यांत एकाला. म्हणजे धोका दुप्पट, पण अठ्ठ्याण्णव जणांचं ते वर्ष नीट जातं, हा हिशोब मी रात्री पडल्या पडल्या दोनदा केला.

बी ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांनी थोडा फरक आहे, विसरणं पूर्ण गेलेलं नाही.

खरा घोळ कानात निघाला. डावा कान बराच कमी ऐकतो (जन्मभर हेडफोन लावला त्याचं असेल नसेल, देव जाणे). सून मिक्सर चालू असताना नंबर सांगायची, जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात काय राहणार. मुलाने वाचून दाखवलं, लॅन्सेट या डॉक्टरी मासिकाच्या 2024 च्या रिपोर्टमध्ये 14 कारणं दिलीत, कमी ऐकू येणं, बीपी, शुगर, एकटेपणा वगैरे, आणि ती सगळी आवरली तर जगातला साधारण 45 टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबवता येतो.

आणि आमच्याकडे ज्येष्ठांच्या शिबिरात काय होतं, तर बीपी, शुगर, चष्म्याचा नंबर, एक केळं आणि बिस्किटचा पुडा. "हल्ली विसरायला होतं असं तुम्हाला स्वतःला वाटतं का" एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं, कोणी विचारत नाही. कानाचं तर नावच नाही. पुढच्या शिबिराला या दोन गोष्टी ठेवा असा अर्ज आम्ही चौघींनी दिलाय, उत्तर अजून नाही.

तुम्हीही यंदाच्या लेखात अक्रोड जरा कमी करून बी ट्वेल्व्ह आणि कान घाला.

– एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सातारा जिल्हा