सावध म्हणजे घाबरलेली नव्हे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

"आई, सारखं काय सावध राहा? कशाला एवढं घाबरायचं?" असं तू विचारलंस. उत्तर जरा लांबेल, म्हणून लिहूनच सांगते.

'सावध' हे 'सावधान'चं आखूड झालेलं रूप. त्याची फोड स + अवधान, म्हणजे अवधानासह. अवधानात 'धा' हा ठेवणे या अर्थाचा धातू आहे. मन भटकू न देता समोरच्या गोष्टीवर ठेवायचं, एवढंच. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडून बघ. ज्ञानदेव श्रोत्यांकडे सुरुवातीलाच मागतात ते अवधान. ते दिलंत तर सर्व सुखाला पात्र व्हाल, म्हणतात. संकट टळेल असं नाही म्हणत, सुख मिळेल म्हणतात! शिवाय मूर्च्छा आलेला माणूस डोळे उघडतो तेव्हाही तो 'सावध झाला' असंच आपण म्हणतो. तो काही घाबरलेला नसतो, भानावर आलेला असतो.

मग या शब्दाला भीतीचा वास कुठून लागला? माझा संशय 'पासून'वर आहे. चोरांपासून सावध, कुत्र्यापासून सावध. पाट्यांवर हेच वाचून वाचून शब्द आक्रसला. राहिलेली कसर कवायतीतल्या 'सावधान!'नं भरून काढली असावी. तिथे तर मानसुद्धा हलवायची नाही.

याचा उलट शब्द बघ, 'बेसावध'. संस्कृत शब्दाला फारसी 'बे' जोडून झालेला, आणि कुणाला खटकतही नाही. सावधच्या विरुद्ध 'निर्भय' असं कधी ऐकलंयस? सावध माणूस निर्भयही असू शकतो. गाफील मात्र असू शकत नाही.

फारसीवरून आठवलं, 'हुशार' मुळात 'होशियार', म्हणजे भान असलेला. मराठीत येऊन तो परीक्षेत पहिला यायला लागला. 'खबरदार' म्हणजे खरं तर खबर ठेवणारा. आपण त्याला दमदाटीच्या कामाला जुंपलं. 'खबरदारी' तेवढी सभ्य राहिली.

तेव्हा रात्री उशिरा एकटी परतताना कानातलं गाणं बंद ठेव, असं मी म्हणते ते अवधानासाठी. घराबाहेर पडू नकोस असं मी कधी म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही.

'समाधान'सुद्धा याच 'धा'चं. त्याची फोड तू करून कळव.

तुझी,
आई