तडजोडीच्या आकड्यामागचा हिशेबही द्या

महोदय,

राष्ट्रीय लोकअदालत झाली की किती मोटार अपघात दावे मिटले आणि किती कोटींची भरपाई मंजूर झाली, हे दुसऱ्या दिवशी छापून येते. जखमींच्या पदरात पडलेली रक्कम वाजवी होती का, हे त्यातून कळत नाही. बऱ्याचदा खुद्द जखमीलाही ते कळलेले नसते. विमा कंपनीचा अधिकारी एक ठोक आकडा सांगतो, ‘यात सगळं धरलंय’ म्हणतो आणि खर्चाने जेरीला आलेला माणूस सही करून मोकळा होतो.

हा आकडा किती हलू शकतो ते पाहा. समजा, ३५ वर्षांचा, महिना २० हजार कमावणारा टेम्पोचालक आहे. पाय कायमचा अधू झालाय, दाखल्यावर अपंगत्व २५ टक्के. वर्षाच्या २ लाख ४० हजारांचे २५ टक्के, त्याला वयानुसार १६ चा गुणक, म्हणजे वर्षाचा तोटा जितक्या पटीने धरायचा तो आकडा. झाले ९ लाख ६० हजार. वरवर चोख वाटते. पण राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, शरीराचे अपंगत्व किती यापेक्षा त्यामुळे त्या माणसाची कमाई किती बुडाली हे त्याचे काम पाहून ठरवायचे. अधू पायाने कारकुनी करता येते, दिवसभर क्लच दाबता येत नाही. या चालकाची कमाईची हानी ६० टक्के मानली आणि चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसासाठी धरायची उत्पन्नातली ४० टक्के भावी वाढ मिळवली, तर तीच रक्कम ३२ लाखांच्या वर जाते! उपचार, बुडालेला रोजगार आणि वेदना यांची भरपाई आणखी वेगळी.

तडजोडीला माझा विरोध नाही. खटला वर्षानुवर्षे चालतो, पुढे उच्च न्यायालयात अपील होते, आणि अपघातात जखमीचीही थोडी चूक निघाली तर रक्कम घटतेच. त्यामुळे लवकर मिळणाऱ्या पैशासाठी काही सोडावे लागणे समजू शकते. पण किती सोडतो आहोत, हे आधी कळायला नको का? अर्ज दाखल केल्यापासूनचे व्याज त्या ठोक आकड्यात आहे की वेगळे, एवढा साधा प्रश्नही कुणी विचारत नाही. पायातली सळी काढायची शस्त्रक्रिया बाकी असताना सह्या होतात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून नंतर वाढलेला खर्च जखमीच्याच माथी येतो.

तेव्हा विमा कंपन्यांनी प्रस्तावासोबत एक पानभर तक्ता द्यावा: उत्पन्न किती धरले, कमाईची हानी किती टक्के, गुणक कोणता, पुढच्या उपचारांचे किती, व्याज किती. तो अर्जदाराला किमान आठवडाभर आधी मिळावा, म्हणजे दुसऱ्या एखाद्या वकिलाला किंवा डॉक्टरला दाखवता येईल. तक्ता नसेल तर लोकअदालतीच्या पॅनेलने त्या दिवशी सही घेऊ नये, तारीख पुढची द्यावी.

– एक वाचक