पुस्तक जाड आहे हो, पण पायथॉन कुठलं?

संपादक साहेब, नमस्कार.

माझं वय ५४, रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्स बघतो, रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने जातो. ऑफिसात एक नवीन पोरगा आलाय, ज्या एक्सेल फाईली जुळवायला माझा अख्खा दिवस जातो त्या हा पायथॉन नावाच्या प्रोग्रामिंग भाषेने चहा येईपर्यंत जुळवून मोकळा. म्हटलं आपणही शिकूया. युट्युबवर बघितलं थोडं, पण हातात पुस्तक असल्याशिवाय शिकतोय असं वाटतच नाही आमच्या पिढीला, काय करणार.

तर गेलो स्टेशनजवळच्या एका दुकानात. पुस्तकं सगळी प्लास्टिकमध्ये पॅक, उघडू देत नाहीत, आणि दुकानदार म्हणतो हेच घ्या काका, सगळे हेच नेतात. चांगलं जाडजूड होतं, वर लिहिलेलं अगदी नवशिक्यांसाठी, घेतलं. घरी येऊन पहिलंच उदाहरण टाईप केलं, प्रिंट लिहायचं आणि पुढे अवतरणात आपलं नाव, एवढंच. तर कॉम्प्युटर म्हणे मिसिंग पॅरेन्थिसिस. परत केलं, स्पेलिंग तपासलं, पायथॉन काढून परत इन्स्टॉल केलं, तीन दिवस ऑफिसातून आल्यावर हाच उद्योग. पुढच्या धड्यात तर पाच भागिले दोन याचं उत्तर छापलंय २. स्क्रीनवर येतंय २.५. आता मी हिशेबाचा माणूस, तरी मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय!

शेवटी पुस्तक ऑफिसात नेलं, तो पोरगा दोन पानं चाळून हसायलाच लागला. काका हे पायथॉन २ चं, म्हणजे जुन्या व्हर्जनचं आहे, तुमच्या लॅपटॉपवर ३ आहे. ३ मध्ये प्रिंटला कंस लागतो, आणि भागाकार आपल्यासारखा पूर्ण होतो, २ मध्ये पूर्णांकांच्या भागाकारातला अपूर्णांक सरळ कापून टाकायचे. आणि हे ३ काही काल-परवा आलेलं नाही, डिसेंबर २००८ चं आहे. २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंदही झाला. माझ्या पुस्तकात मात्र ठळक छापलंय, पुनर्मुद्रण २०२२.

जुनं पुस्तक म्हणजे वाईट असं माझं म्हणणं नाही. सी भाषेचं कर्निगन आणि रिची यांचं पुस्तक १९७८ चं, दुसरी आवृत्ती १९८८ ची, अजून लोक मानतात त्याला. पण त्याच्या प्रस्तावनेतच सांगितलंय की वाचणाऱ्याला थोडंफार प्रोग्रामिंग माहीत आहे असं धरलंय. ज्याला येतं त्याला पुस्तकातली चूक लगेच दिसते हो. नवशिक्याला चूक पुस्तकाची का आपली हेच कळत नाही, तो आपल्याला हे जमणार नाही म्हणून सोडून देतो.

म्हणून सांगतो, पहिलं पान वाचून पुस्तक घेऊ नका, पहिलं पान सगळेच गोड लिहितात. लूपचा, म्हणजे एकच काम परत परत करून घ्यायचा धडा उघडा. रेंज म्हणून आकडे ओळीने मोजायची सोय असते, तिच्यात १ ते १० लिहिलं की मोजणी ९ लाच का थांबते हे तिथे नीट सांगितलंय का बघा, नसेल तर पुढेही लेखक तुम्हाला असाच वाऱ्यावर सोडणार. आणि कोड कसा छापलाय तेही बघा. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकवलीय यावर अर्थ बदलतो, आणि स्वस्तातल्या पुस्तकांत छापणारे सगळ्या ओळी डावीकडे नेऊन चिकटवतात, मग तो कोड काय चालणार कप्पाळ! पीडीएफवरून कॉपी केला तर अवतरणचिन्हंच नक्षीदार वाकडी येतात, मशीनला ती चालत नाहीत, हे पण मी भोगलंय. (मराठीतलं एक चाळलं, त्यात व्हेरिएबलला चल म्हटलंय, छान वाटलं, पण एरर शेवटी इंग्रजीतच येणार तर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी द्या ना.) अ‍ॅलन डाऊनी यांचं थिंक पायथॉन लेखकानेच नेटवर फुकट वाचायला ठेवलंय, इंग्रजी चालत असेल तर आधी त्यातले दोन धडे करून बघा आणि मग खर्च करा.

दुकानदारांना विनंती एवढीच की एक प्रत उघडी ठेवा. प्रकाशकांनी व्हर्जनचा आकडा कव्हरवर छापावा, आणि आपल्या ठाण्यातल्या वाचनालयांनी कॉम्प्युटरच्या कपाटातल्या पुस्तकांवर निदान एक स्टिकर लावावा, कुठल्या व्हर्जनचं आहे त्याचा.

माझं ते पुस्तक रद्दीत द्यायला काढलं होतं. मग वाटलं, रद्दीवाल्याकडून ते परत फुटपाथवर येणार आणि कुठलंतरी पोरगं शंभर रुपयाला घेणार. पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्ठं लिहिलंय, हे पायथॉन २ आहे, कंस घालून बघ, तुझं चुकलेलं नाही.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे