कॅम्परमधला फर्नेस काढण्याआधी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहतो आणि आपले वृत्तपत्र नियमित वाचतो. माझ्या ओळखीतील काही मराठी कुटुंबांनी मोटारीमागे ओढायचे छोटे, जुने कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाड्या, विकत घेतल्या आहेत. आतील गॅसचा फर्नेस, म्हणजे गाडी उबदार ठेवणारी यंत्रणा, ठेवावी की काढून टाकावी, हा प्रश्न त्यांच्यापैकी बहुतेकांना पहिल्याच हिवाळ्यात पडला. आम्हा उभयतांना तो तीन वर्षांपूर्वी पडला होता, आणि त्याचा विचार आम्ही सुरुवातीला चुकीच्या टोकाकडून केला, म्हणून हे पत्र.

आमचा कॅम्पर अवघा १३ फुटांचा आहे. त्यात १६,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजण्याचे एकक) फर्नेस सुमारे दोन घनफूट जागा अडवतो, रात्री पंखा सुरू झाला की झोपमोड करतो, आणि पहाटेपर्यंत बॅटरी उतरवतो, अशा आमच्या तीन तक्रारी होत्या. तो काढून तिथे कपाट करावे आणि थंडीसाठी एक पौंडाच्या प्रोपेन डबीवर चालणारा सुटा हीटर घ्यावा, असा सल्ला आम्हाला एका अनुभवी शेजाऱ्यांनी दिला होता. सल्ला मनापासून दिलेला होता आणि आम्ही तो जवळजवळ मानलाही होता.

परंतु या दोन साधनांत जो मूलभूत फरक आहे, तो तेव्हा आमच्या लक्षात आलेला नव्हता. फर्नेसची ज्योत धातूच्या बंद कोठीत जळते. तिला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर भिंतीतील नळीवाटे बाहेरच जातो. आपण श्वास घेतो ती हवा त्या कोठीच्या केवळ बाहेरच्या अंगावरून फिरून गरम होते. सुटा हीटर मात्र आपल्याच खोलीतील प्राणवायू जाळतो आणि ज्वलनातून जे काही निर्माण होते, ते आपल्याच खोलीत सोडतो. ज्वलन अपुरे झाले तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास. अशा हीटरमध्ये प्राणवायू कमी झाल्यास गॅस तोडणारा संवेदक असतो हे खरे. पण सात हजार फुटांच्या वर विरळ हवेमुळे तो हीटर मुळातच बंद पडू शकतो, आणि आमचे मुक्काम बहुधा आठ-नऊ हजार फुटांवर असतात. शिवाय प्रोपेन जळताना पाण्याची वाफ होते: एका पौंडाच्या डबीतून सुमारे ७४० ग्रॅम. रात्रीत दोन डब्या संपल्या तर जवळजवळ दीड लिटर पाणी त्या एवढ्याशा जागेत भिंतींवर, काचांवर आणि गादीखाली उतरते.

बॅटरीची तक्रारही तपासाअंती टिकली नाही. फर्नेसचा पंखा साधारण तीन अँपिअर घेतो. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला तरी खर्च १५ अँपिअर-तासांच्या आसपास होतो, आणि चांगल्या बॅटरीला तो जड नाही. आमची बॅटरीच जुनी झाली होती. पहाटे फर्नेस बंद पडत असे तो बिघाड नव्हे, ती त्याची सुरक्षाव्यवस्था होती: विजेचा दाब घटून पंखा मंदावला की वाऱ्याच्या झोताने सरकणारी पट्टी जागची हलत नाही, आणि ती हलल्याशिवाय गॅसची झडप उघडत नाही. ज्या गुणासाठी यंत्र जपायला हवे, त्यालाच आम्ही दोष समजत होतो.

म्हणून आम्ही आधी जाणकाराकडून ती कोठी तपासून घेतली. तिला तडा असता किंवा ती गंजून तिला भोके पडली असती, तर फर्नेस काढण्याखेरीज दुसरा विचार केला नसता, कारण मग धूर थेट आत येतो. कोठी शाबूत निघाली. धुराच्या नळीत मात्र कुंभारीण माशीने मातीचे घरटे बांधलेले सापडले. ते काढले, तोंडाला बारीक जाळी लावली, बॅटरी बदलली, आणि फर्नेस ठेवला. आवाज अजून होतो. त्याची आम्हाला सवय झाली आहे.

काढणे हा नेहमीच चुकीचा निर्णय असतो, असे माझे म्हणणे नाही. आमचे एक स्नेही केवळ उन्हाळ्यात आणि वीजजोडणी असलेल्या तळांवरच मुक्काम करतात. त्यांना १,५०० वॅटचा विजेचा हीटर पुरतो आणि त्यांनी फर्नेस काढला ते योग्यच केले. मात्र त्यांनी तो नीट काढला. शेगडी त्याच गॅसवाहिनीवर चालत असल्याने सिलिंडर रोज उघडला जाणार होता. म्हणून वाहिनीचे मोकळे टोक नुसत्या टेपने न गुंडाळता पितळी बूच घट्ट बसवून बंद केले, आणि आपण घरी रेग्युलेटरला लावतो तसे साबणाचे पाणी लावून गळती तपासली. तारांची टोके झाकली, भिंतीतील भोकावर पत्रा बसवून कडा सील केल्या. नाहीतर पाऊस आत शिरून लाकूड कुजते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. स्वतः व्हॅन सजवून लडाख-स्पितीला निघालेली तरुण मंडळीही मला दिसतात. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरने घेतलेले बळी आपल्या वाचकांना परिचित आहेत. बंद गाडीत पेटवलेली शेगडी हा त्याच जातीचा धोका आहे, आणि गाडीतील जागा न्हाणीघराहून फारशी मोठी नसते. आपल्या पर्यटन पुरवणीत कॅम्परविषयी लेख येतील तेव्हा त्यांत गाडी उबदार ठेवण्याच्या साधनांची, वायुवीजनाची आणि कार्बन मोनॉक्साइडच्या गजरयंत्राची माहिती अवश्य द्यावी, ही नम्र विनंती. त्या गजरयंत्राचे आयुष्य साधारण पाच ते सात वर्षे असते आणि त्याची मुदत यंत्रावरच छापलेली असते, हेही त्यात यावे.

आपला,
एक वाचक
फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो