टाच उचलणारा बूट आणि हात वर करणारी कंपनी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: महिलांचा ऑल-माउंटन स्नोबोर्ड बूट चुकीच्या मापाचा पाठवणे, बदलून देण्यास नकार आणि कॉल सेंटरची वागणूक.

महोदय,

तुमच्या कॉल सेंटरशी चाललेला माझा फोन आत्ताच कट झाला. तिकडून झाला. त्यानंतर लगेच 'आमच्या सेवेला किती स्टार द्याल?' असा मेसेज आला. त्याचं उत्तर हे पत्र आहे.

बूट तुम्हीच विकता, तेव्हा तो कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहिते. तुमच्या लोकांना ते माहीत नाही, हे मला आता नीट कळलं आहे.

बोर्डवर उभं राहून बर्फाच्या उतारावरून घसरायला लागणारा हा बूट मी तुमच्या वेबसाइटवरून, २६,९९० रुपये आगाऊ भरून मागवला. वेबसाइटच्या तक्त्यात यूके ६ समोर २६ सेंटिमीटर लिहिलंय. माझा पाय २४.८ सेंटिमीटर आहे. हे माप संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असताना, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांचं घेतलं आणि त्यातलं मोठं धरलं. एरवी मी सहाच नंबर घालते, पण २६ हा आकडा डोळ्यांत खुपला, म्हणून चॅटवर विचारलं. उत्तर आलं, 'थंडीत जाड मोजे लागतात मॅम, ते धरूनच माप दिलंय. यूके ६ घ्या, परफेक्ट बसेल.' त्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. खोक्यावर तुमचं स्टिकर आहे, यूके ६. खोकं उघडून बुटाची जीभ उलटून पाहिली, तर आत कारखान्याचं लेबल: मोंडोपॉइंट २६०, यूके ७. म्हणजे बूट बनवणाऱ्याला माप माहीत होतं. विकणाऱ्यापर्यंत येताना ते वाटेत कुठेतरी सांडलं.

मोंडोपॉइंट म्हणजे पायाची लांबी मिलिमीटरमध्ये, एवढंच. त्यात मोज्यांची भर घालायची नसते. स्नोबोर्डच्या बुटात एकच मोजा घालतात, पातळ किंवा मध्यम जाडीचा, लोकरीचा असला तर उत्तम. ऊब लायनर, म्हणजे बुटातला फोमचा आतला थर, देतो. जाड मोज्याला घड्या पडतात, घाम धरतो, आणि पाय उलट लवकर गार पडतो. हे मी तुमच्या चॅटवाल्याला सांगितलं तेव्हा त्याने अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं.

आता मुख्य तक्रार. टाच उचलते. बूट घालून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरायला हवीत, आणि टाच जागेवरून हलायला नको. माझ्या बुटात बोटं पुढे कुठे टेकतच नाहीत. आतला इनसोल बाहेर काढून त्यावर उभी राहिले तर अंगठ्यापुढे बोटभर जागा मोकळी. चवड्यांवर जोर दिला की टाच आतल्या आत वर येते. टो एजवर, म्हणजे बोर्डच्या बोटांकडच्या कडेवर, वळताना नेमकी हीच टाच घात करते, कारण आधी पाय बुटात हलतो आणि मग कुठे बोर्डला कळतं की वळायचं आहे. डायल, म्हणजे बूट आवळायची चकती, फिरवून टाच खाली दाबावी, तर तुमच्या या मॉडेलला एकच डायल आहे. ती सगळा बूट एकदम आवळते. टाच तरीही हलतच राहते आणि पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. दोन डायलच्या बुटात घोट्याचा भाग वेगळा आवळता येतो हे मला माहीत आहे. पण तो बूट घेतला असता तरी मापाची चूक डायलने भरून निघाली नसती.

यावर तुमच्याकडून आलेले सल्ले नोंदवून ठेवते, कारण ते कोणीतरी वरच्या माणसाने वाचायला हवेत.

पहिला सल्ला: 'वापरून वापरून बसेल.' साहेब, वापराने लायनरचा फोम दबतो. घट्ट बूट त्याने पायाला बसतो, सैल बूट आणखी सैल होतो. म्हणून तर नवा बूट थोडा करकचून असावा असं सांगतात. आज सैल असलेला बूट चार वेळा गुलमर्गला नेऊन आणल्यावर आपणहून आखडेल, हा कोणत्या शास्त्राचा नियम?

दुसरा सल्ला: 'लायनर हीट मोल्ड होतो, घरी हेअर ड्रायरने गरम करा.' हीट मोल्डिंग दुकानात, त्यासाठीच्या हीटरवर करतात. गरम लायनर घालून, बूट आवळून, तो पायाच्या आकाराला येईपर्यंत उभं राहायचं असतं. त्याने जिथे टोचतं तिथे जागा होते. एक नंबर मोठा बूट त्याने लहान होत नाही. हा सल्ला ऐकून मी ड्रायर हातात घेतला नाही यासाठी तुम्ही माझे आभार मानायला हवेत.

तिसरा, आणि हा मोठ्या आत्मविश्वासाने दिलेला: 'आपल्या लोकांचे पाय रुंद असतात मॅडम, म्हणून एक नंबर मोठा देतो.' आपले पाय रुंद असतात हे खरं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, त्यातही हेच दिसलं. म्हणून तर भारतीय पायांसाठी मापांची वेगळी पद्धत सुचवली गेली. पण चवडा रुंद असेल तर रुंद बूट द्यायचा असतो, लांब नाही. रुंद पायांसाठी वेगळे बूट निघतात. तुमच्याच वेबसाइटवर पुरुषांच्या पानावर तसा एक आहे. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही चपलांच्या दुकानातला पोरगा समोरच्या स्टुलावर बसून, अंगठ्याने चवडा दाबून 'ताई, लांबी बरोबर आहे, रुंदीला मारतंय' हे अर्ध्या मिनिटात सांगतो. तुमच्याकडे त्यासाठी 'फिट एक्स्पर्ट' नावाचा विभाग आहे.

चौथा सल्ला ईमेलने आला. 'सहाचा फ्लेक्स लेडीजसाठी कडक आहे, त्यामुळे टाच उचलत असावी.' फ्लेक्स म्हणजे बूट पुढे वाकवायला किती जोर लागतो ते. इथला सहा हा त्याचा आकडा, बुटाचा नंबर नव्हे. पायाचं माप चुकलं की टाच उचलते. मऊ बुटातही उचलली असती. मी मध्यम फ्लेक्स विचार करून घेतला, कारण मला बर्फातल्या उड्यांच्या पार्कमध्ये उड्या मारायच्या नाहीत आणि नुसत्या नवशिक्यांच्या नर्सरी स्लोपवर घसरायचंही नाही. गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवट शिखराकडे सुमारे ३,९८० मीटरपर्यंत वर गेलं की खाली येताना मऊ, खोल बर्फही लागतो आणि खालच्या अंगाला दाबलेला कडक उतारही. दोन्हीला चालेल असा बूट हवा, म्हणूनच त्याला ऑल-माउंटन म्हणतात. फ्लेक्सचे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने देते, एकीचा सहा दुसरीचा चार असू शकतो. म्हणून खरेदीआधी चॅटवर विचारलं होतं की तुमचा सहा म्हणजे नेमका किती कडक? उत्तर: 'दहापैकी सहा.'

आता आजचा फोन. हा संवाद मी लगेच वहीत उतरवला. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल, 'गुणवत्ता सुधारण्यासाठी' करता ना. काढून ऐका.

आधी मराठीसाठी सांगितलेलं बटण दाबलं. मराठीच लागली, हे तुमच्या बाजूने नोंदवते. मग सतार. मग पुन्हा सतार. मग एक गृहस्थ.

'मॅडम, पिकअपच्या माणसाने फोटो पाठवलाय. बूट वापरलेला आहे. घोट्यापाशी क्रीज दिसतेय.'

'घरात सतरंजीवर घालून गुडघे वाकवून पाहिले. फिटिंग तसंच बघतात.'

'पण वापरलेला माल बदलून मिळत नाही.'

'बाहेर घातलाच नाही. तळ बघा, कोरा आहे.'

'मॅडम, तसंही स्नोबोर्डचा बूट बर्फावर वापरल्याशिवाय फिटिंग कळत नाही.'

'बरं. बर्फावर वापरून सांगितलं की बसत नाही, तर बदलून द्याल?'

'नाही मॅडम, मग तो वापरलेला होईल.'

'आणि न वापरता सांगितलं तर?'

'मग फिटिंगची तक्रार ग्राह्य धरता येत नाही.'

मी दोन क्षण गप्प राहिले. त्याला वाटलं लाईन गेली. 'हॅलो? मॅडम? अजून काही मदत करू शकतो?' अजून! मी म्हटलं, वरिष्ठांना द्या. पुन्हा सतार. वरिष्ठ आले. त्यांचा आवाज समजूतदार होता, लग्नात जेवणावरून रुसलेल्या मामांची समजूत काढतात तसा.

'मॅडम, एक विचारू? तुम्ही पुण्यात राहता ना?'

'कोथरूडला.'

'पुण्यात बर्फ कुठे पडतो? वर्षातून एकदा जाणार तुम्ही. एवढं परफेक्ट कशाला हवंय?'

मी म्हटलं, तुम्ही मला लेडीज बूट म्हणून हा विकलात. बायकांची पोटरी खालपर्यंत येते, म्हणून लेडीज बुटाची वरची कड खाली आणि मोकळी असते, टाचेची बैठक अरुंद असते. या बुटात दोन्ही नाही, कड पोटरीला कापते. हा लेडीज बूट आहे का, एवढं तरी सांगा.

'लेडीजमध्ये फक्त रंग वेगळा असतो मॅडम.' आणि मग, अगदी हलक्या आवाजात, मदत करतोय अशा थाटात: 'घरात कोणी जेंट्स असतील तर त्यांना देता का फोन? टेक्निकल आहे, त्यांना समजावून सांगतो.'

घरात जेंट्स आहेत. त्यांनी आयुष्यात बर्फ पाहिलाय तो रसवंतीगृहात. मी हे वाक्य फोनवर बोलले नाही, इथे लिहिते, कारण इथे तरी पूर्ण करता येतंय. फोनवर मी फक्त विचारलं, 'तुमचं नाव काय?' त्यावर लाईन कट.

पुण्यात बर्फ पडत नाही, मान्य. पुण्यात समुद्रही नाही, तरी इथली मुलं पोहतात. तुम्ही वेबसाइटवर पिन कोड टाकायला लावता, माझा टाकला, 'आपल्या भागात डिलिव्हरी उपलब्ध' असं हिरव्या अक्षरांत आलं. तिथे लिहायला हवं होतं: 'डिलिव्हरी उपलब्ध, सन्मान फक्त हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरसाठी.'

पुन्हा सांगते, कारण तुमच्या लोकांच्या लक्षात राहत नाही: टाच उचलते, कारण बूट २६ चा आहे. मला २५ चा हवा आहे. तुमच्या तक्त्यातली ओळ चुकलेली आहे आणि ती आजही तशीच आहे. फोन ठेवल्यावर मी पाहिली. म्हणजे आत्ता, मी हे लिहीत असताना, आणखी कोणीतरी ती वाचून पैसे भरत असेल.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. भाड्याच्या बुटांचे लायनर शेकडो पायांनी दाबलेले असतात, त्यात पाय घालून शिकताना ठरवलं होतं की स्वतःचा बूट घ्यायचा. परदेशातून मागवायचं तर बदलायची सोय नाही. भारतात हे सामान ठेवणारे तुम्ही आहात हे कळलं तेव्हा बरं वाटलं होतं. आमच्या सिंहगडाच्या ग्रुपमध्ये मी स्वतः तुमचं नाव सांगितलं. आता त्याच ग्रुपमध्ये तुमच्या तक्त्याचा आणि बुटाच्या जिभेचा फोटो शेजारी शेजारी फिरतोय, आणि लोक आपापल्या मापाचे विनोद करतायत.

मागण्या सरळ आहेत. महिलांच्या घडणीचा २५ चा बूट द्या, किंवा २६,९९० रुपये परत करा. पिकअप तुमच्या खर्चाने. वेबसाइटवरचा तक्ता दुरुस्त करा. आणि फोन जेंट्सना द्यायला सांगणाऱ्या वरिष्ठांकडून लेखी माफी. ती मराठीत चालेल, इंग्रजीत चालेल, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे छापील वाक्य मात्र चालणार नाही.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. जाहिरात केलेल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. हे तुमच्याच वेबसाइटच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरांत, तुम्हीही कबूल केलंय. मुदत उलटली तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तिथूनही काही झालं नाही तर पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मला राहत्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, एवढ्या रकमेला शुल्कही नाही. तुमच्या वकिलांना मात्र तारखेला पुण्यात यावं लागेल. पुणेकरांना पत्रव्यवहाराचा कंटाळा येत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

पावती, चॅटचे स्क्रीनशॉट, खोक्यावरच्या स्टिकरचा आणि बुटाच्या जिभेवरच्या लेबलचा फोटो, पायाचं माप घेतानाचा फोटो सोबत जोडले आहेत. पायाच्या फोटोत पट्टी स्टीलची आहे.

कळावे,
तुमची (सध्या तरी) ग्राहक,
कोथरूड, पुणे

ता. क. सदिच्छा भेट म्हणून तुम्ही कुरिअरने पाठवलेले जाड मोजे मिळाले. तेही एक्सएल आहेत.